निखळणारा खांदा: उपचारांचा इतिहास आणि ‘बरा झाला’ या शब्दाचा अर्थ



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाचा खांद्याच्या सांध्याशी काय संबंध? शंका रास्त आहे. आमच्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागतं ते तत्त्वज्ञानामुळे. हाड बसवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यामुळे कोणता उपचार घ्यावा हे आम्ही आज सांगणार नाही. ते सांगायला अस्थिशल्यचिकित्सक आहेत. आपल्याला आज बघायचाय तो या उपचाराचा इतिहास, आणि त्या इतिहासात दडलेला एक प्रश्न.

प्रश्न असा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा खांदा निखळतो. बसवला जातो. सहा महिन्यांनी पुन्हा निखळतो, मग पुन्हा. शेवटी उपचार होतो. आता हा मुलगा ‘बरा झाला’ असं केव्हा म्हणायचं? टाके निघाले की? दोन वर्षं खांदा जागेवर राहिला की? की तो पन्नाशीत पोचल्यावर सदऱ्याच्या बाहीत हात सहज घालू शकला की? या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पिढीतल्या वैद्यांनी दिलं, आणि त्या-त्या वेळी जे मोजता येत होतं त्याच्या आधारे दिलं. जे मोजता येत नव्हतं ते हिशेबातून सुटलं. आजच्या व्याख्यानाचं सूत्र म्हणाल तर एवढंच आहे.

उखळ आणि बशी

आधी सांधा समजून घेऊ. शाळेच्या पुस्तकात खांदा आणि खुबा हे दोन्ही ‘उखळीचे सांधे’ म्हणून शिकवतात. खुब्याच्या बाबतीत ते खरं आहे. मांडीच्या हाडाचा गोळा खोल उखळीत बसलेला असतो, सहजासहजी बाहेर येत नाही. खांद्याला मात्र उखळ नाही, बशी आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, आणि फऱ्याच्या हाडावरची त्याची बैठक लहान आणि उथळ. कोणत्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग त्या बैठकीला टेकलेला असतो. बशीवर लिंबू ठेवावं, तसा प्रकार.

निसर्गाने असं का केलं? कारण हात सगळीकडे फिरायला हवा. डोक्यावरची पाटी धरायची, झाडावर चढायचं, दगड भिरकावायचा, पाठ खाजवायची, हे सगळं बशीमुळे जमतं. उखळीत जमलं नसतं. म्हणजे हालचाल आणि स्थैर्य यांच्यात एक सौदा झालेला आहे, आणि खांद्याने त्यात हालचाल निवडली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास या सौद्यात फेरफार करण्याचा आहे.

मग हे लिंबू बशीवरून पडत का नाही? बशीच्या काठाला कूर्चेसारख्या चिवट ऊतीची एक पाळ असते, तिला लॅब्रम म्हणतात. तिच्यामुळे बशी थोडी खोल होते. त्या पाळीला सांध्याभोवतीची पिशवी आणि तिच्यातले बंध जोडलेले असतात. आणि बाहेरून स्नायू गोळ्याला सतत बशीकडे दाबून धरतात. हात बाजूला उचललेला आणि बाहेरच्या दिशेला वळलेला असताना जोराचा झटका बसला, की गोळा पुढे आणि खाली सटकतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा लांबवलेला हात पकडीत सापडला की नेमकं हेच होतं. जाताना गोळा पुढची पाळ काठापासून उखडून नेतो.

हिप्पोक्रेटिसची तापलेली सळई

इतिहासाची सुरुवात ग्रीसपासून करावी लागते, कारण वारंवार निखळणाऱ्या खांद्याचा स्वतंत्र प्रश्न म्हणून विचार हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ‘सांध्यांविषयी’ या ग्रंथात आहे. काळ इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकाचा. खांदा बसवण्याच्या अनेक पद्धती तिथे दिल्या आहेत. काखेत टाच रोवून हात ओढण्याची पद्धत आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. काही पद्धती आखाड्यात विशेष उपयोगाच्या, कारण त्यांना साधन लागत नाही, असंही तो सांगतो. आपल्या तालमीतल्या वस्तादांना हे लगेच पटेल.

पण आपल्या कामाचा भाग पुढे आहे. तो म्हणतो की ज्यांचा खांदा सारखा निखळतो त्यांच्यावर उपचार कसा करावा हे शिकण्याजोगं आहे. या दुखण्यापायी कितीतरी लायक माणसं स्पर्धांना मुकली आणि कितीतरी जण युद्धात निरुपयोगी ठरून प्राणाला मुकले. बघा, ‘रुग्ण कोण’ हे त्याला स्पष्ट दिसतंय: तरुण मल्ल आणि तरुण सैनिक. अडीच हजार वर्षं झाली, यादी फारशी बदललेली नाही.

उपचार कोणता? डाग देणं. काखेतली कातडी चिमटीत वर उचलून त्यातून तापलेली बारीक सळई आरपार न्यायची. आतल्या रक्तवाहिन्यांना आणि नसांना धक्का लावायचा नाही. मग हात अंगाशी बांधून ठेवायचा, जखम भरल्यावरही बरेच दिवस. कल्पना अशी की गोळा ज्या वाटेने बाहेर जातो ती जागा सैल झालेली असते, आणि व्रण आकसला की ती जागा बंद होते. तुम्हाला हे रानटी वाटेल. पण त्यातला तर्क बघा. इतर वैद्य खांद्याच्या वरच्या बाजूला, पुढे किंवा मागे डाग देत असत, त्यांच्यावर तो टीका करतो. गोळा ज्या बाजूला जातच नाही तिथे व्रण करून काय साधणार? उलट तो आकसलेला व्रण गोळ्याला पळवाटेकडेच ढकलेल. साधन क्रूर होतं, पण ‘गोळा नेमका कुठून निसटतो?’ हा प्रश्न अचूक होता. पुढच्या अनेक शतकांत साधनं सुधारली तरी हा प्रश्न पुष्कळांनी विचारला नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. चिकित्सास्थानात खांद्यासाठी सांगितलंय की मुसळाने काख वर उचलावी आणि सांधा जागेवर आल्यावर स्वस्तिक बंधाने बांधावा. काखेखाली टेकू देऊन गोळा वर आणणं ही युक्ती हिप्पोक्रेटिसच्या पद्धतींच्या जवळचीच. इथे भर आहे तो बसवण्यावर आणि बांधण्यावर.

सवय की इजा?

यानंतर आपण बराच मोठा काळ ओलांडतो, कारण सांधा उघडून आत बघण्याची सोय झाल्याशिवाय पुढचं पाऊल पडणं शक्य नव्हतं. 1846 साली ईथरची भूल आली, 1867 साली लिस्टरची जंतुनाशक पद्धत आली, 1895 साली क्ष-किरण आले. या तिन्हींनंतर खांदा उघडणं हा वेडेपणा राहिला नाही.

त्या काळच्या युरोपीय वैद्यकात या दुखण्याचं नाव होतं ‘हॅबिच्युअल डिसलोकेशन’, म्हणजे सवयीने निखळणं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचे कान इथे टवकारतात. शब्द निरुपद्रवी दिसतात, पण ते विचाराला वळण लावतात. ‘सवय’ म्हटलं की दोष माणसाकडे, किंवा निदान त्याच्या सैल शरीराकडे जातो. नख खायची सवय, उशिरा उठायची सवय, तशी खांदा निखळायची सवय. मग उपचार काय, तर शिस्त लावणं: आवळा, बांधा, टांगून ठेवा. दंडाच्या गोळ्याला स्नायूची झोळी करून लटकवण्याच्या शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाल्या, त्या याच विचारातून.

पण पुरावा दुसरीकडे बोट दाखवत होता. 1855 साली फ्रान्समध्ये मालगेन्य याने गोळ्यावर पडलेल्या खाचेचं वर्णन केलं. 1890 साली ब्रोका आणि हार्टमन यांनी दाखवलं की बशीच्या पुढच्या काठावरून पिशवी आणि पाळ सुटलेली असते. 1906 साली जर्मनीत पर्टेस याने ती सुटलेली पाळ पुन्हा काठाला जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. म्हणजे माणसाला सवय लागलेली नव्हती, त्याच्या सांध्यात काहीतरी तुटलं होतं आणि ते जुळलं नव्हतं. सवय आणि इजा यांतला फरक हा नुसता वैद्यकीय नाही. सवयीबद्दल आपण बोल लावतो. इजेबद्दल आपण मदत करतो.

बँकार्ट आणि ‘मूळ दोष’

ही गोष्ट ठासून मांडली ती लंडनच्या आर्थर सिडनी ब्लंडेल बँकार्ट यांनी. 1923 साली त्यांचा पहिला लेख आला, 1938 साली दुसरा. त्यांचा दावा असा की या दुखण्याचा एकच मूळ दोष आहे: पुढची पाळ काठापासून सुटणं. इंग्रजीत त्यांनी शब्द वापरला ‘इसेन्शियल लीजन’. इसेन्शियल म्हणजे सार, तत्त्व, ज्याच्यावाचून ती वस्तू ती वस्तू राहत नाही. पिशवी सैल नाही, स्नायू दुबळे नाहीत. तेव्हा आवळणं आणि टांगणं व्यर्थ. काठाच्या हाडाला भोकं पाडा आणि सुटलेला भाग टाक्यांनी परत तिथेच शिवा. 1938 साली त्यांनी लागोपाठच्या 27 शस्त्रक्रियांची हकिगत दिली. एकही खांदा पुन्हा निखळला नव्हता, आणि हालचालही पूर्ण होती.

शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत: ‘हालचालही पूर्ण’. बँकार्टनी सौदा मोडला नाही. बशीची बशीच ठेवली, फक्त तिचा काठ दुरुस्त केला.

मूळ दोषाचा दावा मात्र जसाच्या तसा टिकला नाही. 1940 साली हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी गोळ्याच्या मागच्या बाजूच्या खाचेवर लक्ष वेधलं. गोळा पुढे निसटला की त्याचं मऊ हाड बशीच्या टणक काठावर आपटतं आणि तिथे खाच पडते. ती मोठी असेल तर पुढच्या वेळी त्याच खाचेत काठ अडकून खांदा सहज निखळतो. पुढे 1978 साली बॉस्टनच्या कार्टर रो यांनी आपल्या शस्त्रक्रिया तपासल्या तेव्हा बँकार्टचा दोष सुमारे 85 टक्के खांद्यांत सापडला. पंच्याऐंशी म्हणजे पुष्कळ, पण शंभर नव्हे. ज्याच्यावाचून वस्तू असू शकते त्याला सार म्हणता येत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण बँकार्टना सार सापडलं नसलं तरी सर्वांत मोठं कारण सापडलं होतं, आणि व्यवहारात तेवढं पुरतं.

आवळलेला सदरा

आता इतिहासातला सर्वांत बोधप्रद भाग. बँकार्टची शस्त्रक्रिया अवघड होती. खोल जागेत, अरुंद काठावर भोकं पाडायची. त्यामुळे सोप्या पद्धती जास्त चालल्या. मँचेस्टरचे हॅरी प्लॅट आणि बोलोन्याचे व्हित्तोरियो पुत्ती यांच्या नावाची पुत्ती-प्लॅट शस्त्रक्रिया त्यांतली मुख्य. गंमत म्हणजे दोघांपैकी कोणीही ती प्रसिद्ध केली नव्हती. 1948 साली ऑस्मंड-क्लार्क यांनी तिची माहिती दिली. सैल सदरा घट्ट करायला शिंपी आत दुमड घालतो ना, तसं पुढचा स्नायू आणि पिशवी कापून एकावर एक चढवून शिवायची. 1943 साली शिकागोच्या मॅग्नसन आणि स्टॅक यांनी त्या स्नायूचं टोकच बाहेरच्या बाजूला सरकवून आवळण्याची पद्धत काढली.

परिणाम? खांदे निखळणं थांबलं. वर्षानुवर्षं अहवाल येत राहिले की पुन्हा निखळण्याचं प्रमाण अगदी थोडं. हात बाहेरच्या बाजूला पूर्ण वळत नसे, पण ती किंमत मान्य होती. किंबहुना काही ठिकाणी तोच हेतू होता. हात त्या धोक्याच्या कोनात गेलाच नाही तर निखळणार कसा?

मग वर्षं गेली. 1983 साली सॅमिल्सन आणि प्रिएतो यांनी निखळलेल्या खांद्यांत पुढे होणाऱ्या सांध्याच्या झिजेचं वर्णन केलं. 1990 साली हॉकिन्स आणि अँजेलो यांनी पुत्ती-प्लॅट शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ वर्षांनी आलेल्या गंभीर झिजेबद्दल लिहिलं. पुढची बाजू इतकी आवळलेली की गोळा मागच्या बाजूला ढकलला जाई आणि तिथली कूर्चा घासली जाई. विशीत ‘बरा’ झालेला माणूस प्रौढ वयात दुखरा, ताठ खांदा घेऊन परत येत होता.

यात कोणी लबाडी केली असं आम्ही म्हणत नाही. त्यांनी मोजलं ते प्रामाणिकपणे मोजलं. पण काय मोजलं? ‘पुन्हा निखळला का?’ हा प्रश्न सोपा, उत्तर हो किंवा नाही. रो यांनी 1978 साली निकाल मोजायला शंभर गुणांची पद्धत दिली, तिच्यात स्थैर्याला 50, कामाला 30 आणि हालचालीला 20 गुण होते. गुणपत्रिका म्हणजे मूल्यांची यादीच असते. अर्धे गुण न निखळण्याला! म्हातारपणी काय होईल याला रकानाच नव्हता, आणि असता तरी भरणार कोण? तरुण रुग्णावरचा उपचार पूर्ण तपासायचा तर चाळीस-पन्नास वर्षं लागतात. तोवर शस्त्रक्रिया करणारा निवृत्त झालेला असतो.

हाडाचा टेकू

याच सुमारास फ्रान्समध्ये वेगळा विचार चालला होता. 1954 साली ल्याँचे मिशेल लातार्जे यांनी सुचवलं की फऱ्याच्या हाडाचा पुढे आलेला आकड्यासारखा भाग, कोराकॉइड, त्याला जोडलेल्या स्नायूंसकट कापावा आणि बशीच्या पुढच्या खालच्या काठावर स्क्रूने बसवावा. 1958 साली दक्षिण आफ्रिकेचे आर्थर हेल्फेट यांनी आपले गुरू ब्रिस्टो यांच्या नावाने अशाच वळणाची शस्त्रक्रिया मांडली. इथे बशीच थोडी मोठी केली जाते, आणि हात वर गेला की त्या हाडासोबत आलेले स्नायू पुढून झोळीसारखा आधार देतात. या मार्गालाही किंमत आहे: शेजारच्या नसांना धोका, स्क्रूच्या तक्रारी, आणि हाड नीट न बसलं तर पुढे झीज. म्हणून बरीच वर्षं हा उपाय काही देशांतच रुळला होता. तो सगळीकडे का परतला हे थोड्या वेळात येईल.

वयाचा हिशेब

आता तरुणांच्या प्रश्नाकडे येऊ. लहान वयात सगळं लवकर भरून येतं, ही आपली समजूत. मोडलेलं हाड मुलाचं आधी जुळतं, म्हाताऱ्याचं नंतर. निखळलेल्या खांद्याचा न्याय मात्र उलटा आहे. 1956 साली रो यांनी आकडे दिले: विशीच्या आत पहिल्यांदा खांदा निखळला तर पुन्हा निखळण्याचं प्रमाण 83 टक्के, वीस ते चाळीस वयात 63 टक्के, चाळिशीनंतर 16 टक्के.

असं का? तरुण खांद्यात पाळ आणि बंध काठापासून उखडतात आणि जागेवर परत चिकटत नाहीत. वय वाढलेल्या माणसात बहुधा स्नायूंचे कंडरे फाटतात. पाळ पुष्कळदा शाबूत राहते. शिवाय तरुण माणूस पुन्हा मैदानात जातो, साठीचा जात नाही. कारणं दोन्ही आहेत, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पण ‘पुन्हा निखळेल’ म्हणजे ‘आयुष्यभर निखळत राहील’ का? याचं उत्तर द्यायला स्वीडनच्या लेनार्ट होवेलियस यांनी जे केलं त्याला आम्ही तपश्चर्या म्हणू. 1978-79 मध्ये 27 रुग्णालयांतल्या, बारा ते चाळीस वयाच्या अडीचशेहून अधिक रुग्णांची नोंद केली आणि त्यांचा पाठपुरावा 25 वर्षं केला. 2008 साली निकाल आला. सुमारे 43 टक्के खांदे पुन्हा कधीच निखळले नाहीत. सुमारे 14 टक्के खांदे आधी वारंवार निखळत होते, पण काळाच्या ओघात आपोआप स्थिर झाले. सुमारे 8 टक्के अजूनही निखळत होते. आणि 27 टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली होती. सुरुवातीला हात तीन-चार आठवडे अंगाशी बांधून ठेवला की झोळी लवकर काढली, याने काही फरक पडला नाही.

याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. जे खांदे एकदाच निखळले होते, पुन्हा कधीही नाही, त्यांतल्याही काहींत पंचवीस वर्षांनी झीज दिसली. म्हणजे झिजेचं खापर फक्त शस्त्रक्रियेवर फोडता येत नाही. पहिला आघातच काही हिशेब मागे ठेवून जातो.

प्रत्येक सैल खांदा सारखा नव्हे

काही तरुणांचा खांदा आघाताशिवायच सटकतो. सगळे सांधे सैल, दोन्ही खांदे सैल, पुढे, मागे, खाली, कुठेही जाणारे. काही जण तो मुद्दाम काढून दाखवतात; वर्गात मित्रांना गंमत म्हणून दाखवणारी मुलं शिक्षकांनी पाहिलेली असतात. 1973 साली रो आणि सहकाऱ्यांनी स्वतःहून खांदा निखळवणाऱ्या 26 रुग्णांचा अभ्यास मांडला आणि बजावलं की मानसिक अडचणी असलेल्यांवर घाईने शस्त्रक्रिया करू नका. ‘सवय’ हा शब्द आपण मघाशी हद्दपार केला होता, तो इथे एका लहान गटापुरता परत आला, आणि तो समजून घेण्यासाठी, दोष देण्यासाठी नव्हे.

1980 साली नीर आणि फॉस्टर यांनी अनेक दिशांनी सैल असलेल्या खांद्यांचा वेगळा गट नीट मांडला. 1992 साली बर्कहेड आणि रॉकवुड यांनी व्यायामाचा परिणाम तपासला. आघाताने सैल झालेल्या खांद्यांपैकी फक्त 16 टक्के व्यायामाने चांगले झाले. आघाताशिवाय सैल असलेल्यांपैकी मात्र 80 टक्के. एकच व्यायाम, दोन गट, आणि निकालात जमीन-अस्मानाचा फरक. ‘व्यायामाने खांदा बरा होतो का?’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. कुणाचा खांदा, हे आधी विचारावं लागतं.

दुर्बीण, घाई आणि सुधारणा

1980 च्या दशकात खांद्यात दुर्बीण शिरली. लहान छेद, कमी वेदना, लवकर घरी. पण सुरुवातीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया उघड्या शस्त्रक्रियेइतक्या टिकत नव्हत्या. मग काठाच्या हाडात रोवायचे बारीक अँकर आले, धागे सुधारले, हात बसला.

त्याचबरोबर एक नवा विचार आला: पुन्हा निखळायची वाट बघायचीच कशाला? 1994 साली अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या तरुण खेळाडूंचा अभ्यास आला. नुसता हात बांधलेल्या 15 जणांपैकी 12 जणांना पुन्हा त्रास झाला. पहिल्याच वेळी दुर्बिणीतून पाळ शिवलेल्या 21 जणांपैकी 3 जणांना. 1999 साली कॅनडात कर्कली आणि सहकाऱ्यांनी तिशीच्या आतले 40 रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत वाटले. पुन्हा निखळण्याचं प्रमाण एका गटात 47 टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे 16 टक्के.

उत्साह वाढला असतानाच 2000 साली बर्कहार्ट आणि डी बीअर यांचा लेख आला. 194 दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया. हाडाची मोठी झीज नसेल तर पुन्हा निखळण्याचं प्रमाण 4 टक्के. असेल तर 67 टक्के. बशीचा आकार समोरून नासपतीसारखा असतो, खाली रुंद. वारंवार निखळून पुढचा खालचा काठ झिजला की ती नासपती उलटी दिसू लागते. काठच उरला नसेल तर पाळ शिवणार कशाला? लातार्जेंचा हाडाचा टेकू जगभर परतला तो या जाणिवेनंतर.

एक छोटी गोष्ट इथेच सांगायला हवी. जपानच्या एइजी इतोई यांनी प्रतिमा काढून दाखवलं की हात पोटाशी न बांधता बाहेरच्या बाजूला वळवून ठेवला तर सुटलेली पाळ काठाला चांगली टेकते. 2007 साली त्यांनी पुन्हा निखळण्याचं प्रमाण 42 वरून 26 टक्क्यांवर आल्याचं दाखवलं. शस्त्रक्रिया नाही, फक्त पट्ट्याची दिशा बदलायची! पण इस्रायल, नॉर्वे आणि कॅनडातल्या पुढच्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. तर्क सुंदर होता, प्रतिमा खऱ्या होत्या, तरी माणसांत निकाल टिकला नाही. अनुमान कितीही देखणं असो, प्रत्यक्षाशी ताडून बघावं लागतं, हे न्यायदर्शनाच्या विद्यार्थ्याला नवीन नाही.

मोजणाऱ्याची जागा बदलते

ज्या कर्कलींचा उल्लेख केला, त्यांनी 1998 साली सहकाऱ्यांबरोबर एक प्रश्नावली तयार केली होती. एकवीस प्रश्न, उत्तरं रुग्णाने द्यायची. दुखतं का, खेळता येतं का, काम जमतं का, आणि मनात सतत खांद्याची धास्ती असते का. आम्हाला हा या इतिहासातला फार मोठा बदल वाटतो. ज्याचा खांदा वारंवार निखळतो तो मुलगा बसच्या दांड्याला हात घालताना क्षणभर थांबतो. झोपेत हात डोक्यावर जाईल म्हणून घाबरतो. त्याचा खांदा दोन वर्षांत एकदाही निखळलेला नसेल, तरी त्या थांबण्यात त्याचं आयुष्य अडकलेलं असतं. क्ष-किरणात ते दिसत नाही. विचारल्याशिवाय कळत नाही.

मग आज सतरा वर्षांच्या मुलाच्या घरच्यांनी काय करायचं? इतिहास त्यांना निर्णय देत नाही. शंभर मुलांतल्या किती जणांचा खांदा पुन्हा निखळेल हे आकडे सांगतात. समोर बसलेला त्या शंभरातला कोणता, हे सांगत नाहीत. सगळ्यांवर लगेच शस्त्रक्रिया केली तर ज्यांना गरज नव्हती तेही टेबलावर जातील. सगळ्यांना थांबवलं तर काहींचा काठ दर खेपेला झिजत जाईल आणि साधी शस्त्रक्रिया पुरेनाशी होईल. दोन्ही बाजूंना किंमत आहे.

पण इतिहास प्रश्न मात्र नक्की देतो, आणि ते डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये. पहिल्यांदा निखळला तो आघाताने की सहज? गोळा कुठल्या दिशेला गेला? बशीचं हाड किती झिजलंय, खाच किती मोठी आहे? सगळे सांधेच सैल आहेत का? मुलाला पुढे कुठला खेळ खेळायचाय, की मुळात खेळायचंच नाही? हा उपाय केल्यावर हात किती वळेल? आणि डॉक्टर ‘यश’ म्हणतात तेव्हा ते काय मोजतात, किती वर्षांनंतर मोजतात? शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि आज आपण पाहिलं की फसगत झाली ती बहुतेक वेळा तिथेच. या प्रश्नांच्या उत्तरांत मुलाचं म्हणणं वडिलांच्या आधी ऐकून घ्यावं, कारण खांदा त्याचा आहे, आणि तो त्याला पुढची साठ वर्षं वापरायचा आहे.

इथे थांबू.  आता तुमचे प्रश्न घेऊ या.